‘बॉनी’ नक्की कुणाला म्हणायचं? स्कॉट्स भाषेच्या ऑनलाइन डिक्शनरीचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, मग बाकीचं. डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज, थोडक्यात डीएसएल, ही वेबसाइट फुकट आहे, लॉगिनची भानगड नाही, आणि स्कॉटलंडमध्ये कामाला किंवा शिकायला आलेल्या मराठी माणसाने फोनवर बुकमार्क करून ठेवावीच अशी आहे. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

मी आबर्डीनशायरमध्ये केअर होममध्ये काम करते. आमच्याकडचे बरेचसे आजी-आजोबा डोरिक बोलतात, डोरिक म्हणजे स्कॉट्स भाषेची इकडची, ईशान्येकडची बोली. इंग्रजीच्या परीक्षेत कितीही बँड मिळवून आलात तरी इथे पहिल्या आठवड्यात सगळं पाण्यात, कारण ‘व्हॉट’ला इथे ‘फिट’ म्हणतात, ‘व्हेअर’ला ‘फार’, ‘हू’ला ‘फा’, मुलगी म्हणजे ‘क्वाइन’ आणि मुलगा म्हणजे ‘लून’. आणि या सगळ्यात उठता बसता कानावर पडणारा शब्द म्हणजे ‘बॉनी’. बॉनी क्वाइन, बॉनी लून, बॉनी डे, बॉनी फुलं, बॉनी कार्डिगन. केस नीट बांधून गेलं की ‘यर लुकिन बॉनी द डे’. द डे म्हणजे आज बरं का, ‘त्या दिवशी’ नाही.

आता बॉनी म्हणजे सुंदर एवढं कुणीही सांगेल, ट्रान्सलेशन ॲपमध्ये टाकलं तरी तेच येतं. पण सुंदर म्हटलं की आपल्या डोक्यात एक चित्र येतं, तरुण, मुलगी, गोरीगोमटी वगैरे. इथे तर नव्वदीच्या आजोबांना बॉनी म्हणतात, तान्ह्या बाळाला म्हणतात, बटाट्याच्या शेतालाही म्हणतात, आणि कधीकधी चिडल्यावरसुद्धा म्हणतात, तिथे ते ॲप हात वर करतं. त्यासाठी डीएसएल.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण आपल्या लोकांच्या ग्रुपवर हे सारखं दिसतं. स्कॉट्स म्हणजे गेलिक नाही. गेलिक ही केल्टिक भाषा, आयरिशची बहीण. स्कॉट्स ही इंग्रजीची सख्खी, जुन्या अँग्लो-सॅक्सन बोलींतून वेगळी वाढलेली. तिला बोली म्हणायचं की भाषा यावर इथे लोक तासन्‌तास भांडतात, पण ब्रिटिश सरकारने २००१ मध्ये अल्पसंख्य भाषांच्या युरोपियन चार्टरखाली तिला मान्यता दिली, २०११ च्या जनगणनेत पंधरा लाखांवर लोकांनी स्कॉट्स बोलता येतं असं लिहिलं, आणि २०२५ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये गेलिक आणि स्कॉट्स दोघींना अधिकृत दर्जा मिळाला. बॉनी हा स्कॉट्समधला शब्द. इंग्लंडच्या उत्तर भागातही चालतो, न्यूकासलकडे तर ‘बॉनी लॅड’ अशी पुरुषांनी पुरुषांना हाक मारायची पद्धत आहे. मूळ कुठलं ते पक्कं ठरलेलं नाही, फ्रेंचमधल्या ‘बॉन’, म्हणजे चांगला, याच्याशी नातं जोडतात.

तर साइट. सर्चमध्ये शब्द टाकला की दोन प्रकारचे निकाल येतात आणि इथेच नवीन माणूस गोंधळतो, कारण या खरं तर दोन वेगवेगळ्या अवाढव्य डिक्शनऱ्या आहेत, एकाच खिडकीत ठेवलेल्या. एक डॉस्ट, म्हणजे जुन्या स्कॉट्सचा कोश, बाराव्या शतकापासून १७०० पर्यंतचा, बारा खंड. दुसरी एसएनडी, स्कॉटिश नॅशनल डिक्शनरी, १७०० पासून पुढची, दहा खंड. रोजच्या कामाला एसएनडी पुरे. डॉस्टमध्ये शिरलात तर जुनी स्पेलिंगं, जुने दस्तऐवज, राजेरजवाडे, आणि संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

प्रत्येक नोंदीत शब्दाची वेगवेगळी स्पेलिंगं, उच्चार, मग अर्थ एकदोनतीन करत, आणि प्रत्येक अर्थाखाली लोकांनी तो खरोखर कुठे कसा वापरलाय त्याची वाक्यं, वर्षासकट आणि भागासकट. हा भाग म्हणजे खरा खजिना. समोर ‘एबीडी’ असं दिसलं की ते आबर्डीनशायरचं, ‘एवायआर’ म्हणजे एअरशायर, ‘एसएच’ म्हणजे शेटलंड. मी आधी वाक्यं वाचते आणि अर्थ नंतर बघते, तुम्हीही तसंच करा असा सल्ला. अर्थ वाचून शब्द कळतो, पण तो कुणी कुणाला कुठल्या सुरात म्हणायचा ते वाक्यांतूनच कळतं.

पुरुषांचंच बघा. बॉनी म्हणजे पोरींना म्हणायचा शब्द असं बाहेरच्या माणसाला हमखास वाटतं, पण स्कॉटलंडच्या इतिहासात ज्यांच्या नावाला हा शब्द कायमचा चिकटलाय ते तिघेही बाप्ये आहेत. पहिला अर्ल ऑफ मोरे, १५९२ मध्ये फाइफमधल्या डोनिब्रिसलला त्याच्या वैऱ्याच्या, अर्ल ऑफ हंटलीच्या माणसांनी त्याला मारला, लोकगीतवाल्यांनी त्याला ‘बॉनी अर्ल’ करून टाकलं. (चुकीच्या ऐकू आलेल्या गाण्याच्या ओळीला इंग्रजीत मॉन्डेग्रीन म्हणतात ना, तो शब्द याच गाण्यातली एक ओळ चुकीची ऐकल्यामुळे जन्माला आला, १९५४ मध्ये. हे उगाच सांगितलं, पण मला फार आवडतं.) दुसरा जॉन ग्रॅहम ऑफ क्लेव्हरहाउस, व्हायकाउंट डंडी, १६८९ मध्ये किलिक्रँकीची लढाई जिंकताजिंकता मेला. तिसरा सगळ्यांना माहीत असलेला, चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट ऊर्फ बॉनी प्रिन्स चार्ली, जन्म रोममध्ये १७२० चा, १७४५ मध्ये चोविसाव्या वर्षी आपल्या स्टुअर्ट घराण्याची गेलेली ब्रिटनची गादी परत मिळवायला आला, एडिनबरात थाटात शिरला, १७४६ च्या एप्रिलमध्ये कलोडनच्या लढाईत सगळं संपलं, आणि फ्लोरा मॅकडोनल्डच्या मदतीने मोलकरणीचे कपडे घालून स्काय बेटावर पळाला.

यातला क्लेव्हरहाउस मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, कारण एकाच माणसाची दोन नावं चालतात. जॅकोबाइटांच्या, म्हणजे स्टुअर्ट घराण्याच्या बाजूच्यांच्या, आठवणीत तो बॉनी डंडी, आणि ज्यांचा त्याने छळ केला त्या कव्हेनंटर लोकांच्या, म्हणजे चर्चमध्ये राजाची ढवळाढवळ न मानणाऱ्या प्रेस्बिटेरियनांच्या, तोंडी ब्लुडी क्लेव्हर्स, म्हणजे रक्तपिपासू. चेहरा तोच हो. मग बॉनी हा शब्द चेहऱ्याबद्दल काही सांगतोय की म्हणणारा कुठल्या बाजूला उभा आहे ते सांगतोय? माझं मत विचाराल तर बॉनीमध्ये रूप अर्धं असतं आणि लळा अर्धा. आपला माणूस देखणा. चार्ली म्हातारपणी दारूने पार सुटला होता, १७८८ मध्ये रोममध्येच वारला, पण इथे त्याला कुणी ‘एकेकाळचा बॉनी’ म्हणत नाही, शॉर्टब्रेडच्या डब्यावर तो अजून चोवीस वर्षांचाच आहे.

केअर होममध्ये हे रोज दिसतं. आमच्या एक आजी त्यांच्या मिस्टरांच्या फोटोला ‘ही वॉज ए बॉनी लून’ म्हणतात, आता फोटोतल्या माणसाचे कान बघितले तर सुंदर वगैरे म्हणायला जीभ रेटणार नाही, पण देखणा होता गं माझा, असं ते आहे. सुंदर असा मराठी शब्द ठेवलात तर वाक्य मरतं. ‘देखणा’ किंवा ‘गोड’ चालून जातं, बाळासाठी तर ‘बाळसेदार’ अगदी नेमका बसतो, कारण बॉनी बेबी म्हटलं की नुसतं नाकडोळे नाहीत, बाळ अंगाने भरलेलं, गालाला रंग असलेलं, टुणटुणीत. ब्रिटनमध्ये बॉनी बेबी कॉम्पिटिशन नावाचा प्रकार गेल्या शतकात जोरात होता, जत्रेत, सुट्टीच्या गावी, सगळीकडे, आणि तिथे गुटगुटीत बाळंच जिंकायची.

बाकी वापर. ‘बॉनी पेनी’ म्हणजे चांगली घसघशीत रक्कम, एखादी वस्तू महाग पडली की म्हणायचं. ‘बॉनी डाय’ म्हणजे खेळणं, चकचकीत शोभेची छोटी वस्तू, हा जुना झालाय, पण कोशात आहे. ‘बॉनी फेख्टर’ म्हणजे जोरदार लढणारा, यात दिसण्याचा काही संबंध नाही, तिथे बॉनी म्हणजे ‘भारी’.

आणि मग टोमणा. हा अर्थ ज्याला माहीत नाही त्याची फजिती ठरलेली. काहीतरी बिघडवून ठेवलं की ‘ए बॉनी मेस’, ‘दॅट्स ए बॉनी लाइक थिंग’, ‘ये’व्ह मेड ए बॉनी जॉब ओ दॅट’. आपण नाही का म्हणत, छान दिवे लावलेस, तस्संच. आमच्याकडे नवीन लागलेल्या एका मुलीने अख्खा सूपचा बोल स्वच्छ चादरीवर उपडा केला, आजोबा म्हणाले बॉनी जॉब, ती म्हणाली थँक्यू. आजोबा इतके हसले की खोकला लागला. गंमत म्हणून ठीक, पण काम करताना समोरचा खूश आहे की वैतागलाय हे कळायलाच हवं ना. आणि हे शब्दाच्या एका ओळीच्या अर्थात कधीच सापडत नाही, सुरावर असतं, त्यामुळे जिथे उदाहरणं भरपूर असतील तीच डिक्शनरी कामाची.

याच्या उलट नमुना म्हणजे टूरिस्टांसाठीचा माल. एडिनबरात रॉयल माइलवर एका सुव्हेनिर दुकानातून मैत्रिणीसाठी मग घेतला होता, वर मोठ्ठं बॉनी लिहिलेलं, खाली अर्थ छापलेला: सुंदर स्त्री. एवढंच. म्हणजे विशेषण चक्क नाम झालं, पुरुष गेले, बाळं गेली, पावसाळी देशातला एखादा बॉनी दिवस गेला, टोमणा तर गेलाच. वर त्याचा रंग पहिल्या धुण्यात निघाला तो वेगळाच. दुकानाचं नाव घेत नाही, त्या रस्त्यावर तसली डझनावारी आहेत आणि सगळीकडे तोच मग मिळतो.

बॉनी शोधताना आजूबाजूचे शब्दही बघितले, कारण एक शब्द एकटा बघून कळत नाही, त्याच्या भावंडांत ठेवला की कळतो. ‘ब्रॉ’ हा बॉनीचा सगळ्यात जवळचा. ब्रेव्हचंच स्कॉट्स रूप. पण ब्रॉ म्हणजे झकास, ऐटदार. कपडे ब्रॉ, दिवस ब्रॉ, जेवण ब्रॉ, ‘हाऊ आर यू’ला उत्तर म्हणून पण ब्रॉ. मला तो डंडी, फाइफकडच्या लोकांच्या तोंडी जास्त ऐकू येतो. माणसाला ब्रॉ म्हटलं तर तो नटूनथटून आलाय किंवा एकूण दणदणीत आहे, बॉनी म्हटलं तर बघायला बरं वाटतंय.

‘वील-फॉर्ड’ म्हणजे वेल-फेव्हर्ड, इथे फेव्हर म्हणजे चेहरेपट्टी. मराठीत याला तयार शब्द आहे, नाकीडोळी नीटस. यात बॉनीसारखा लळा नाही, बघून दिलेलं सर्टिफिकेट आहे, स्थळ बघायला गेल्यासारखं. आणि ‘इल-फॉर्ड’ म्हणजे उलट, कुरूप.

‘सॉन्सी’ मात्र बघाच. आज अर्थ अंगाने भरलेली, हसतमुख, गुबगुबीत. पण मुळात ‘सॉन्स’ म्हणजे भाग्य, भरभराट, गेलिकमधल्या ‘सोनस’वरून आलेला, म्हणजे सॉन्सी माणूस आधी शुभ, पायगुणाचा, आणि मग त्यातून देखणा. सुलक्षणी! खायला मिळतंय, घर सुखी आहे, ते अंगावर दिसतंय, म्हणून छान दिसते. आजच्या झीरो फिगरवाल्यांना हे पटणार नाही. पंचवीस जानेवारीला, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीला, बर्न्स नाइटला, हॅगिस ताटात आला की त्याच्या तोंडाला सॉन्सी म्हणतात. मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचं सारण भरलेल्या गोळ्याला तोंड असतं का, पण म्हणतात.

आणि आता सरप्राइज. देखणेपणाचा एक स्कॉट्स शब्द आपण सगळे रोज वापरतो आणि कुणाला पत्ताच नसतो, ग्लॅमर. हो, फिल्मी ग्लॅमर तेच. ग्रामर, म्हणजे व्याकरण, या शब्दाचं ते स्कॉट्समध्ये बिघडलेलं रूप. मध्ययुगात ज्याला लॅटिन व्याकरण येतं तो पंडित, पंडिताला म्हणजे गूढ विद्यापण येत असणार, विद्या म्हणजे जादू, असं करत करत ग्लॅमर म्हणजे जादूटोणा, आणि तोही खास डोळ्यांवरचा. अठराव्या शतकातल्या स्कॉट्स लिखाणात कुणीतरी कुणावर ग्लॅमर टाकतं, की समोरच्याला जे नाही ते दिसायला लागतं. आपल्याकडे नजरबंदी म्हणतात तीच. नंतर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉल्टर स्कॉट या स्कॉटिश लेखकाने तो वापरून वापरून इंग्रजी वाचकांच्या माथी मारला, तिथून तो मोहिनी झाला, आणि मग विसाव्या शतकात लिपस्टिक आणि हॉलिवूड. म्हणजे मेकअपच्या जाहिरातीत ग्लॅमर लिहिलेलं असतं तिथे मुळातल्या अर्थाने वाचलं तर ‘आम्ही बघणाऱ्याची नजरबंदी करून देतो’ असं होतं, यापेक्षा प्रामाणिक जाहिरात दुसरी नाही. डीएसएलवर ग्लॅमर आणि ग्लॅमरी दोन्ही टाकून बघा, तासभर सहज जाईल.

ग्लासगोकडचे दोन. ‘स्टोटर’ म्हणजे एकदम कडक, माणूस असो, गोल असो, कॉन्सर्ट असो. ‘स्टॉट’ म्हणजे चेंडू टप्पा खाऊन उसळतो ते, त्यावरून आलाय. ‘गॅलस’ तर अजब, मूळ गॅलोज, म्हणजे फाशीचा खांब, फासावर लटकवण्याच्या लायकीचा तो गॅलस, आणि आता ग्लासगोत ती स्तुती आहे, बिनधास्त, ऐटीत चालणारा, कुणाला न जुमानणारा. आपण पोराला ‘डेंजर आहे हा’ म्हणतो तेव्हा शिव्या देत नसतो, तसं. गॅलस माणूस बॉनी असेलच असं नाही, पण सगळे बघतात त्याच्याकडेच.

आणि एक सावधगिरी. ब्रिटिश तरुणांच्या भाषेत कुणी आकर्षक असेल तर त्याला फिट म्हणतात. आबर्डीनमध्ये फिट म्हणजे काय! ‘फिट लाइक’ म्हणजे कसं काय, बरं आहे ना. त्यामुळे आजी तुमच्याकडे बघून ‘फिट?’ म्हणाल्या तर लाजू नका, त्यांना ऐकू आलेलं नाही.

आता हे सगळं केलं कुणी. विल्यम ग्रँट नावाचे उच्चारशास्त्राचे शिक्षक, आबर्डीनला शिकवायचे, त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बोलींची माहिती जमवायला घेतली, एसएनडीचा पहिला भाग १९३१ मध्ये आला. ग्रँट १९४६ मध्ये गेले, मग डेव्हिड म्युरिसनने सूत्रं घेतली आणि १९७६ मध्ये दहावा खंड संपवूनच सोडला, तीस वर्षं, हाताशी मोजकी माणसं. म्युरिसन फ्रेझरबराचा, म्हणजे आमच्या आबर्डीनशायरचाच. डॉस्ट विल्यम क्रेगीने सुरू केलं, तोच जो ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी डिक्शनरीचा संपादक होता, त्याचाही पहिला भाग १९३१ चा आणि शेवटचा २००२ चा. सत्तर वर्षं लागली हो. आणि २००४ मध्ये दोन्ही एकत्र करून इंटरनेटवर फुकट टाकले. बावीस खंड कागदावर घ्यायला गेलं असतं तर घरात कपाट वेगळं लागलं असतं.

या इतिहासाचा परिणाम नोंदींवर दिसतो. ईशान्येकडचा माल भरपूर, कारण संपादकच इकडचे, आणि इकडे लिहिणारेही खूप होते. त्यामुळे माझ्यासारखीला तर लॉटरीच, आमच्या आजोबांनी टाकलेला शब्द बहुतेक वेळा सापडतोच, आणि समोर एबीडी असतं. त्यांना दाखवलं की खूश होतात, आपली भाषा पुस्तकात आहे म्हणून. यांच्यातल्या बऱ्याच जणांना लहानपणी शाळेत असं बोललं म्हणून मार पडलाय, नीट इंग्रजी बोल म्हणून. एक आजोबा एबीडीवर बोट ठेवून नुसतं बघत बसले होते.

अर्धा स्टार कापला तो इथे. ग्लासगो, शहरी तरुण, आत्ताची बोली, यात कोश पातळ आहे. एसएनडीचं मूळ काम १९७६ ला संपलेलं, २००५ मध्ये एक पुरवणी निघाली, पण उदाहरणं बघाल तर एकोणिसावं शतक आणि विसाव्याचा पूर्वार्ध यांचीच गर्दी, आणि पुस्तकं, कविता, वर्तमानपत्रं यांतून घेतलेली, कारण तेव्हा छापलेलंच मिळायचं. त्यामुळे बॉनी आज वीस वर्षांची मुलगी मैत्रिणीला म्हणेल का, हे इथून कळत नाही. माझ्या पाहण्यात तरुण पोरं एकमेकांना फारसं म्हणत नाहीत, बाळाला, कुत्र्याला, देखाव्याला, लग्नातल्या नवरीला म्हणतात, आणि म्हातारी माणसं सगळ्यांना म्हणतात. ऑफिसात अनोळखी बाईला पुरुषाने बॉनी लॅस म्हणणं आता जरा जपूनच, गोड वाटेल किंवा मग कमी लेखल्यासारखं वाटेल, माणसावर आहे. आपण बाहेरून आलेल्यांनी तर आधी ऐकावं, मग वापरावं.

दुसरी गोष्ट, अर्थ इंग्रजीत आणि खूप आखडून, छोटी छोटी रूपं वापरून लिहिलेले, छापील खंडांत जागा वाचवायची होती तो हिशोब अजून तसाच. डोळ्यांवर ताण येतो. उच्चार ध्वनिलिपीत असतो, ती ज्याला येत नाही त्याला त्या चिन्हांचा काही उपयोग नाही. पण याला उपाय सोपा आहे, डोरिक बोलणारा माणूस शोधा, एक कप चहा करून द्या.

तरी विश्वासाच्या बाबतीत याच्या जवळपासही दुसरं काही नाही. स्कॉट्सबद्दल इंटरनेटवर जो कचरा आहे तो बघितला तर डोकं फिरेल. २०२० मध्ये तर उघड झालं की स्कॉट्स विकिपीडियावरचे हजारो लेख भाषा न येणाऱ्या, अमेरिकेतल्या एका पोराने लिहिले होते, इंग्रजी वाक्य घ्यायचं, दोन-चार शब्दांची स्पेलिंगं स्कॉटिश वाटतील अशी वाकडी करायची, झालं. वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यावर वाचून कुणी बॉनी शिकायचं ठरवलं तर काय शिकणार. डीएसएलवर निदान प्रत्येक अर्थाखाली पुरावा आहे, साल आहे, गाव आहे, पटत नसेल तर स्वतः तपासा.

वापरायच्या एकदोन युक्त्या देते. स्कॉट्सला एकच ठरलेलं स्पेलिंग नाही, बॉनीच्या शेवटी कुणी आयई लावतं, कुणी वाय, एन कधी एक कधी दोन, तेव्हा एकाने नाही सापडलं तर दुसऱ्याने टाका, नोंदीच्या डोक्यावर बाकीची रूपं दिलेली असतात. कानाने ऐकलेला शब्द लिहिता येत नसेल तर उलटं करा, प्रगत शोधात जाऊन नोंदींच्या आतल्या मजकुरात इंग्रजी अर्थ शोधा, म्हणजे ब्यूटिफुल किंवा हँडसम टाकलंत की जिथे जिथे तो शब्द अर्थात आलाय त्या सगळ्या नोंदी समोर येतात, मला वील-फॉर्ड असाच सापडला. एवढं मोठं झेपणार नसेल तर याच संस्थेचा एका खंडातला कन्साइज स्कॉट्स डिक्शनरी आहे, १९८५ चा, सुधारित आवृत्ती २०१७ ची, लायब्ररीत मिळतो. आणि हेराल्ड वर्तमानपत्रात दर आठवड्याला त्यांचा एका शब्दावरचा छोटा लेख येतो, तो चहासोबत वाचायला मस्त.

केअर, नर्सिंग, फार्मसी, बसचं काउंटर, शाळा, जिथे जिथे म्हाताऱ्या स्कॉटिश माणसांशी रोज बोलावं लागतं त्या सगळ्यांनी घ्या. फक्त आयटीवाले असाल, ऑफिस एडिनबराच्या मध्यात आणि टीममध्ये अर्धे स्पॅनिश, तर गरज नाही पडणार, पण ग्लॅमरची नोंद तेवढी वाचा.